चिकटवू की जपून ठेवू?

गेल्या अंकात मिक्स्ड मीडियाबद्दल लिहिलं होतं, म्हणजे एकाच चित्रात रंग, कागद, कापड, दोरा, वाळू, जे लागेल ते वापरायचं, आणि शेवटी सहज म्हटलं होतं की गेलेल्या माणसाच्या वस्तू घरात असतील आणि त्यांचं चित्रात काही करायचं मनात असेल तर विचारा. तर पत्रांचा ढीगच आला. रंगांबद्दल फार कमी, बाकी सगळं माणसांबद्दल. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही, त्यामुळे ज्यांचे प्रश्न बाकीच्यांनाही उपयोगी पडतील ते घेतलेत. नावं अर्थातच छापत नाहीये.

ताई नमस्कार, वय ६१, कर्वेनगरला असते. मिस्टर जाऊन आता दीड वर्ष होईल. त्यांचं कपाट अजून तसंच आहे, शर्ट, चष्मा, बसचे पास, हॉस्पिटलची बिलं, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि त्यांची रोजच्या हिशेबाची डायरी. मुलगी म्हणते आई या सगळ्याचं एक चित्र कर, हॉलमध्ये लावू. मी शाळेनंतर हातात ब्रश धरलेला नाही, चेहरा वगैरे तर येणारच नाही. कुठून सुरू करू? आणि असं करणं बरं दिसतं का?

ताई, बरं दिसतं का तेच आधी घेते, कारण मला वाटतं तुमचं तिथेच अडलंय. बाजीराव रस्त्यावरचं केळकर संग्रहालय आपण सगळ्यांनी शाळेच्या ट्रिपला पाहिलंय, अडकित्ते, दिवे, वाद्यं, तो मस्तानी महाल. त्याचं पूर्ण नाव राजा दिनकर केळकर संग्रहालय, आणि त्यातला राजा म्हणजे दिनकर केळकरांचा एकुलता एक मुलगा, तो लहानपणीच गेला. 'अज्ञातवासी' नावाने कविता करणारा हा माणूस, त्याने आयुष्यभर गावोगाव फिरून लोकांच्या घरातल्या साध्यासुध्या वस्तू जमवल्या आणि त्या सगळ्यावर पोराचं नाव लावलं. आपण तिथे जाऊन अडकित्ते बघतो आणि घरी येतो, आपल्याला कुणी थांबवून सांगत नाही की हे एका बापाचं दुःख आहे म्हणून. तेव्हा पुण्यात तरी हे बरं दिसतं का म्हणून घाबरू नका.

आता चेहरा. चेहरा काढायचाच नाहीये. भिंतीवर हार घातलेला फोटो असेलच, ते काम तो करतोय. तुम्ही फक्त एवढं बघा की ह्या ढिगातलं काय चिकटवायचं आणि काय नाही, आणि इथे माझा नियम कडक आहे, जे पुन्हा मिळणार नाही ते पहिल्या चित्रात वापरायचं नाही. म्हणजे डायरी नाही, चष्मा नाही. डायरीची झेरॉक्स काढा, पण लेझरच्या मशीनवरची, घरच्या इंकजेट प्रिंटरची नको, त्याची शाई पाण्याचा हात लागला की पसरते आणि अक्षराचा चिखल होतो. मूळ डायरी शाईपेनाने लिहिलेली असेल तर तिला गोंदाच्या जवळपासही नेऊ नका. हॉस्पिटलची बिलं, एटीएमच्या स्लिपा, ईसीजीच्या पट्ट्या, हा बहुतेक थर्मल कागद असतो, गुळगुळीत, नखाने ओरखडा काढला की काळी रेघ उठते. तो आपोआपच फिका पडतो, गोंद लागला तर आणखी लवकर. त्याचीही झेरॉक्सच. पेपरात आलेली निधनाची बातमी असेल तर तीही तशीच, न्यूजप्रिंट उजेडात पिवळा होतो आणि मग तुकडे पडतात.

अक्षर चित्रात उतरवायची एक रीत सांगते, ती मला फार आवडते आणि तिला चित्रकला यावी लागत नाही. डायरीच्या एका पानाची लेझर प्रिंट काढायची, पण उलटी, आरशात दिसते तशी, दुकानदाराला 'मिरर करून द्या' म्हटलं की कळतं. बोर्डावर अ‍ॅक्रिलिकचं जेल मीडियम (रंगांच्या दुकानात मिळतं, गोंदासारखं घट्ट आणि वाळलं की पारदर्शक) जाडसर लावायचं, त्यावर प्रिंटची छापलेली बाजू पालथी ठेवायची, तळहाताने मधून कडेकडे दाबत हवा काढायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी मागचा कागद ओल्या स्पंजने भिजवायचा आणि बोटाने हलकेच चोळायचा. कागदाच्या पांढऱ्या वळ्या निघायला लागतात, पिठाच्या हाताला होतात तशा, आणि त्यांच्याखालून अक्षर यायला लागतं, आधी एक आकडा, मग 'दूध', मग 'लाईट बिल भरले'. घाई केली तर अक्षरही वळीबरोबर जातं, म्हणून भिजवा, थोडं चोळा, वाळू द्या, पुन्हा भिजवा. काही शब्द जातीलच. जाऊ द्या, सगळं वाचता आलंच पाहिजे असं नाहीये.

याचं फार चांगलं उदाहरण म्हणजे चित्रकार झरीना हाश्मी. अलीगढला जन्मलेल्या, २०२० साली गेल्या. त्यांची कराचीची बहीण राणी त्यांना उर्दूत पत्रं लिहायची, पण पोस्टात टाकायची नाही, त्यात आईवडील गेल्याचं, घर विकल्याचं, सगळं. ती पत्रं पुढे झरीनांच्या हाती आली आणि २००४ साली त्यांनी 'लेटर्स फ्रॉम होम' म्हणून छापचित्रांचा एक संच केला, ज्यात त्या पत्रांवरच काळ्या शाईत घराचा आराखडा, नकाशा असं छापलंय. अक्षर दिसतंय दिसतंय म्हणेपर्यंत काळ्या आकाराखाली जातं. आपल्याला उर्दू येत नसली तरी काही अडत नाही, आणि येत असली तरी सगळं वाचता येत नाहीच.

तेच तुम्हाला सांगायचंय. अशा चित्रात झाकणं हे दाखवण्याइतकंच कामाचं आहे. बोर्ड आणाल (एमडीएफचा, १० बाय १२ इंच पुरे, मोठ्याच्या नादी लागू नका) तर रंगाआधी त्याच्यावर पेन्सिलीने लिहा, जे त्यांना सांगायचं राहिलं ते, रागाचं असेल तर रागाचं, म्हणजे 'डॉक्टरकडे चला म्हणत होते तेव्हा ऐकलं नाहीत' हे सुद्धा. मग वरून जेसोचे (रंगाआधी द्यायचं पांढरं अस्तर) दोन हात द्या, पहिला वाळल्यावर दुसरा, आणि बोर्डाच्या मागच्या बाजूलाही एक, नाहीतर पावसाळ्यात तो फुगतो. लिहिलेलं आता कुणालाही दिसणार नाही, मुलीलाही नाही. त्यावर बाकीचं चित्र.

कपाटात शर्ट आहेत म्हणता, तर एकाचा खिसा कापा, चारी बाजूंनी बोटभर कापड सोडून. जुन्या शर्टाच्या खिशाला खाली पेन गळल्याचा डाग असतो बहुतेक वेळा, तो धुवू नका. फक्त कडेचं कापड चिकटवा, खिशाचं तोंड उघडं राहू द्या म्हणजे बसचा पास त्यात नुसता सरकवता येईल आणि वाटेल तेव्हा काढताही येईल. फेव्हिकॉल चालतो, पण तो वर्षांनी कडक होतो आणि जरा पिवळट पडतो, जेल मीडियम महाग पण लवचिक राहतं. औषधांच्या पट्ट्यांवर मात्र दोन्ही नीट धरत नाहीत, आधी पॉलिश पेपरने खरखरीत करा, नाहीतर सरळ सुई-दोऱ्याने टाचा. खरं सांगू का, मी असते तर पट्ट्या घेतल्याच नसत्या. शेवटचे काही महिने पट्ट्यांचे होते आणि आधीची सगळी वर्षं हिशेबाच्या डायरीची. पण रात्री उठून गोळ्या तुम्ही दिल्यात, त्यामुळे हे ठरवायचा हक्क तुमचाच.

आणि हॉलमध्ये लावायचं की नाही हे आत्ता ठरवू नका, मुलीलाही ठरवू देऊ नका. हॉलचं ठरवून चित्र करायला बसलात तर पहिल्या दिवसापासून पाहुणे डोक्यात येऊन बसतील.

आम्ही तिघी बहिणी. आईच्या साड्या वाटून घेतल्या, त्यात माझ्याकडे एक जुनी पैठणी आणि दोन सुती नऊवारी आल्या. मला त्या चित्रात वापरायच्यात. मोठी ताई म्हणते आईच्या साडीला कात्री लावलीस तर याद राख. धाकटी म्हणते लाव. आता? (सिंहगड रोड)

पैठणीच्या बाबतीत ताईंच्या बाजूने मी. रेशमावर गोंदाचा डाग वाळल्यावर काळपट दिसतो आणि तो काही केल्या जात नाही, शिवाय जरीकाम खरं असेल तर ते चांदीचं असतं, हवेनेच काळवंडतं, त्यात आणखी केमिकल कशाला. ती नेसा. तिघींनी आळीपाळीने नेसा.

सुती नऊवारीचं वेगळं आहे. आपल्याकडे साडी कापणं हे कधी पापबिप नव्हतंच हो, आजीच्या लुगड्यांच्या गोधड्या कुठल्या घरात नव्हत्या? माणूस गेलं की त्याचं लुगडं थरात जायचं आणि नातवंडं त्यावर झोपायची. ताईंना हे सांगून बघा, आणि नाहीच पटलं तर एक पळवाट आहे. साडीचं पदराच्या विरुद्ध टोक, जे कमरेला आत खोचलं जातं, ते नेसल्यावर कुणाला कधी दिसतच नाही, पण अंगाला सगळ्यात जवळ तेच असतं. तिथली हातभर पट्टी घ्या. पदर शाबूत, काठ शाबूत, साडी नेसता येण्याएवढी शिल्लक, भांडायला काही उरत नाही.

चिकटवण्यापेक्षा शिवा. जाड कॅनव्हासवर सुती कापड धावदोऱ्याने छान बसतं, गोधडीचाच टाका, सुई जरा मोठी घ्या आणि अंगठ्याला टोपण. कॅनव्हास आधी रंगवून वाळवून घ्या आणि मग शिवा, उलट केलंत तर रंग टाक्यांत जाऊन बसतो. आणि कापडाच्या बारीक चिंध्या उरतील त्या टाकू नका, हातकागद सुती चिंध्यांच्या लगद्यापासूनच करतात, पुण्यात १९४० साली हातकागद संस्था निघाली ती काही उगाच नाही. मिक्सरमध्ये (जुन्या, स्वयंपाकाच्या नव्हे) पाणी घालून घरच्या घरी चिंध्यांचा लगदा फारसा चांगला होत नाही, धागे पात्याला गुंडाळतात, पण जुना कागद भिजवून लगदा केलात आणि त्यात हे धागे कातरून मिसळलेत तर बोर्डावर थापायला मस्त पोत मिळतो.

मी २७, हिंजवडीत आयटीत आहे. कॉलेजपासूनचा मित्र बाईक अ‍ॅक्सिडेंटमध्ये गेला, आठ महिने झाले. शनिवार-रविवार मी काळा रंग, वाळू आणि त्याच्या बाईकच्या फुटलेल्या लाईटचे तुकडे घेऊन चित्र करतो, आणि खरं म्हणजे एकच चित्र परत परत होतंय. आई म्हणते काहीतरी पॉझिटिव्ह काढ. रूममेट म्हणतो थेरपी घे. पण हे चित्र म्हणजे थेरपीच झाली ना?

तुला अरे-तुरे करते, चालेल ना. आधी एकच चित्र परत परत होण्याबद्दल. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक, त्याची मोठी बहीण सोफी १८७७ मध्ये टीबीने गेली, पंधरा वर्षांची होती. त्याने ती आजारी असतानाचं चित्र १८८५-८६ मध्ये केलं, रंग लावायचा, खरवडून काढायचा, परत लावायचा, पृष्ठभागावर ते ओरखडे अजून दिसतात. प्रदर्शनात लोकांनी थट्टा केली, अर्धवट आहे म्हणाले. आणि नंतर त्याने तेच चित्र पुन्हा केलं, पुन्हा केलं, चाळीसेक वर्षांत एकूण सहा वेळा रंगवलं. तेव्हा तुझे आठ महिने म्हणजे काहीच नाही. आईंना सांग, काळा हा पण रंगच आहे. सूर्यफुलं काढून कुणाचा मित्र परत येत नाही, आणि नाही काढली म्हणून पोरगं वायाही जात नाही.

काचेचं मात्र गंभीरपणे घे. कडा पॉलिश पेपरने मारल्याशिवाय हातात धरायची नाही, जाड हातमोजे घाल, पॉलिश करताना पाण्यात बुडवून कर म्हणजे धूळ नाकात जाणार नाही. लाईटची कव्हरं हल्ली बहुतेक प्लास्टिकची असतात पण तीही सुरीसारखी कापतात. वाळू बांधकामाची असेल तर चाळून, दोन-तीन पाण्यांतून धुवून, कडक वाळवून मगच जेल मीडियममध्ये कालव, नाहीतर काही दिवसांत झडायला लागते.

आता थेरपी. नाही रे, एकच गोष्ट नाही ती. चित्र काढून मोकळं वाटतं हे खरंय, पण आर्ट थेरपी म्हणजे शिकलेला माणूस समोर बसलेला असतो आणि तो चित्राकडे कमी, तुझ्याकडे जास्त बघत असतो. दोन्ही कर ना, कोण नको म्हणतंय. श्ट्रोबे आणि शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेलं मला पटतं, की दुःखात माणूस हेलकावे खात असतो, कधी गेलेल्याकडे, कधी पुढच्या रोजच्या कामाकडे, आणि हे जाणं-येणं चालू असणं हेच ठीक असल्याचं लक्षण. म्हणजे सोमवारी ऑफिसच्या स्टँडअप मीटिंगमध्ये तू हसलास तर मित्राशी गद्दारी होत नाही. प्रश्न तेव्हा, जेव्हा येणं बंद होतं आणि नुसतं जाणंच राहतं. मला तुझ्या चित्रापेक्षा हे विचारायचंय की चित्र झाल्यावर जेवतोस का, झोप लागते का, बाकीच्या मित्रांचे फोन उचलतोस का. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत लांबलेल्या दुःखासाठी किमान सहा महिन्यांची मुदत धरलीय, अमेरिकन मानसोपचारवाल्यांनी मोठ्यांसाठी एक वर्ष, म्हणजे तारीख महत्त्वाची नाही, रोजचं आयुष्य ठप्प झालंय का ते महत्त्वाचं. झालं असेल तर रूममेटचं ऐक. आणि रात्री-अपरात्री 'आपणही नको' असं काही मनात आलं तर १४४१६ वर फोन कर, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास असतं, मराठीत बोलता येतं. रूममेटचा फोन नंबर आणि हा नंबर दोन्ही वर पिन करून ठेव.

बाबांच्या पत्रांचं कोलाज केलं होतं, यंदाच्या पावसात त्यावर बुरशी आली आणि कडेला कसर लागली. वाचवता येईल का? (नारायण पेठ, जुना वाडा)

चिकटवायला मैद्याची खळ वापरली असणार, ती कसरीचं आणि झुरळांचं आवडतं खाणं. आधी चित्र कोरड्या खोलीत पंख्याखाली आडवं ठेवा, पूर्ण वाळू द्या, मग तोंडाला मास्क लावून मऊ कोरड्या ब्रशने बुरशी घराबाहेर जाऊन झटका, ओल्या फडक्याने पुसलीत तर आणखी आत जाते. उन्हात ठेवायचा मोह आवरा, अक्षर उडेल. वाड्याची बाहेरची भिंत ओल धरणारच, त्यामुळे परत लावताना आतल्या भिंतीवर लावा, आणि फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे मागून हवा खेळेल. प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकू नका, तिथे तर बुरशीचं राज्यच. आणि जे काही वाचलंय त्याचे आजच मोबाईलवर नीट फोटो काढा.

ताई, माझं पाचव्या महिन्यात मिसकॅरेज झालं. घरात कुणी त्याबद्दल बोलत नाही, सासूबाई म्हणाल्या होईल परत, विषय संपला. मी पेंटिंगच्या क्लासला जाते, तिथे एक चित्र केलं, ऑइल पेस्टल, वर थोडं अ‍ॅक्रिलिक, आणि तेव्हा विणत होते त्या टोपड्याची लोकर. सरांना ते खूप आवडलं, क्लासच्या वार्षिक प्रदर्शनात लावायचं म्हणतात. मला ते कुणी बघायला नकोय पण फाडायचंही नाहीये. (कोथरूड)

अगं, नाही लावायचं. एवढंच खरं तर उत्तर आहे, पण थोडं पुढे बोलते. आपल्याकडे माणूस गेलं की दहावा असतो, तेरावा असतो, लोक येऊन बसतात, काहीतरी बोलतात, चहा होतो. तुझ्या बाळासाठी यातलं काहीच झालं नाही, नावही नाही, फोटोही नाही, त्यामुळे हे एक चित्र सगळ्याच्या जागी उभं आहे. ते प्रदर्शनात लावलं तर लोक काय विचारणार, 'टेक्स्चर छान आलंय, कसं केलं?' त्यांचंही चुकत नाही, त्यांना काय माहीत. पण ते ऐकत तिथे दोन दिवस उभं राहायची तुला काही गरज नाही. घरात बोलायचं असेल तर नवऱ्याला आधी दाखव, एकट्याला, काही न समजावता. नसेल दाखवायचं तर तेही ठीक.

कुणाला दिसू नये म्हणून झाकायचं असेल तर जेसो मारू नकोस. ऑइल पेस्टल कधी पूर्ण वाळतच नाही, त्यावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, काही महिन्यांत पापुद्रे सुटतील आणि खालचंही खराब होईल. त्यापेक्षा मलमलचं कापड घे, एकदा गरम पाण्यातून काढून वाळव म्हणजे खळ जाईल, चित्रावर ताणून फ्रेमच्या मागच्या बाजूला दुमड आणि तिथे टाके घाल. पेस्टलला कापड चिकटू नये म्हणून चारी कडांना फ्रेमवर पुठ्ठ्याची बारीक पट्टी लाव, तेवढं अंतर राहतं. एक थर घेतलास तर लोकरीचा रंग खालून थोडा दिसेल, तीन थर घेतलेस तर नाही दिसणार, ते तुझ्यावर. टाके लांब घाल, मोठ्या मनाचे, उसवायचे झाले तर दोन मिनिटांत उसवतील.

सरांना एका ओळीचा मेसेज टाक, 'हे चित्र लावायचं नाहीये, त्याऐवजी दुसरं देते', आणि कारण देऊ नकोस. विचारलंच तर परत तीच ओळ. क्लासच्या प्रदर्शनात भिंत रिकामी राहिलीय असं मी तरी अजून पाहिलेलं नाही, उलट शेवटच्या दिवशी जागेवरून पालकांची भांडणं चाललेली असतात.